होल्योकचे सोल्जर्स होम: ड्युटीला माणूस नसताना घेतलेला एक निर्णय

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात होल्योक हे जुन्या कागद गिरण्यांचे शहर आहे. तिथल्या टेकडीवर माजी सैनिकांसाठी सरकारने चालवलेले एक निवासगृह आहे, सोल्जर्स होम. मार्च २०२० मध्ये तिथल्या कुलूपबंद वॉर्डात एक माजी सैनिक आजारी पडला. तो वॉर्ड स्मृतिभ्रंश झालेल्यांचा होता. माणसे बाहेर भरकटू नयेत म्हणून बाहेरच्या दाराला कुलूप असे, आत मात्र ती मोकळी हिंडत. हा सैनिकही हिंडायचा. त्याच्या खोलीत आणखी तिघे झोपत. १७ मार्चला त्याची कोविड चाचणी झाली आणि २१ मार्चला बाधित असल्याचा निकाल आला. मधल्या चार दिवसांत त्याला वेगळे काढले गेले नाही. तो त्याच खोलीत झोपला, त्याच सामायिक बैठकीत बसला.

पुढच्या तीन महिन्यांत या होममध्ये कोविडने किमान ७६ माजी सैनिक गेले. साथीच्या सुरुवातीला तिथे सुमारे २३० जण राहत होते. म्हणजे दर तिघांमागे एक जण गेला. ८० हून अधिक कर्मचाऱ्यांनाही लागण झाली.

या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले, आणि बहुतेक लिखाण २७ मार्च या एका दिवसाभोवती फिरते. तो दिवस महत्त्वाचा आहेच. पण वृद्धांची सेवा करणाऱ्या कुणीही हे प्रकरण वाचताना त्या दिवसाच्या मागे जावे, असे मला मनापासून वाटते. २७ मार्चला जे घडले, त्याची तयारी कित्येक वर्षे चालली होती.

आधी ही संस्था काय आहे ते पाहू. वृद्ध आणि अपंग सैनिकांना आसरा देण्याची जबाबदारी राज्याची, ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने १६७० मध्ये अँव्हालिद या सैनिकांच्या आसरागृहाची स्थापना केली. इंग्लंडमध्ये दुसऱ्या चार्ल्सने १६८२ मध्ये चेल्सीचे रॉयल हॉस्पिटल सुरू केले. अमेरिकेत यादवी युद्ध संपत आले असताना, मार्च १८६५ मध्ये, लिंकन यांनी जखमी स्वयंसैनिकांसाठी राष्ट्रीय निवासगृहे उभारण्याच्या कायद्यावर सही केली. पाठोपाठ राज्यांनीही स्वतःची होम काढली. १८८८ पासून केंद्र सरकार राज्यांना अशा प्रत्येक निवाशामागे वर्षाला १०० डॉलर देऊ लागले. आजही व्यवस्था त्याच वळणाची आहे. होम राज्याचे, माणसे नेमणार राज्य, आणि खर्चाचा काही वाटा केंद्राच्या माजी सैनिक खात्याचा.

होल्योकचे होम १९५२ मध्ये उघडले. दुसऱ्या महायुद्धातले, कोरियातले, नंतर व्हिएतनाममधले सैनिक तिथे म्हातारपणी येत. आसपासच्या गावांत या जागेला मान होता. तिथे खाट मिळावी म्हणून कुटुंबे प्रतीक्षा यादीत थांबत आणि मिळाली की सुटकेचा श्वास सोडत. हे लक्षात ठेवायला हवे, कारण नंतरच्या बातम्यांमुळे ही एखादी कोंदट, दुर्लक्षित जागा असावी असा समज होतो. तसे नव्हते. शेजारच्या खाटेवरचाही युद्ध पाहून आलेला असतो, रात्री तो ओरडून उठला तर का ओरडला हे वेगळे सांगावे लागत नाही. हा सोबतीचा आधार साध्या वृद्धाश्रमात मिळत नाही. लेकी-मुलांनी आपल्या वडिलांना तिथे ठेवले ते विश्वासाने.

पण इमारत १९५२ सालचीच होती. एका खोलीत चार-चार खाटा, सामायिक न्हाणीघरे, अरुंद बोळ. सोबत मिळते म्हणून काही निवाशांना अशी खोली आवडायचीही. श्वासातून पसरणाऱ्या रोगासाठी मात्र याहून सोयीची जागा नाही. इमारत वाढवावी, एकेकट्याच्या खोल्या कराव्यात, अशी मागणी आधीच्या अधीक्षकांच्या काळात झाली होती. राज्यांच्या अशा होमच्या बांधकामाला केंद्राकडून ६५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते, पण उरलेला वाटा राज्याने आधी उभा करावा लागतो. तो उभा राहिला नाही.

आता मनुष्यबळाकडे येतो. या प्रकरणाचे मूळ मला इथे दिसते.

कोविडच्या चार-पाच वर्षे आधीच तेव्हाचे अधीक्षक आणि उपअधीक्षक दोघेही पायउतार झाले होते. पुरेसे कर्मचारी आणि पैसा मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती. नर्सेस आणि मदतनिसांच्या संघटना सांगत होत्या की पाळी संपल्यावर घरी जाऊ देत नाहीत, पुढची पाळीही सक्तीने करायला लावतात. शिवाय कर्मचाऱ्यांना आज या वॉर्डात तर उद्या त्या वॉर्डात फिरवले जाई. जिथे माणूस कमी तिथे पाठवायचा. नेहमीच्या दिवसांत ही ओढाताण निभते, साथ आली की तीच रोगाची वाट बनते. एका मजल्यावरचा रोग दुसऱ्या मजल्यावर जायला निवासी हलायची गरज नसते, पाळीवरचा माणूस तो नकळत घेऊन जातो.

२०१६ मध्ये नेमलेले नवे अधीक्षक मरीन दलातले निवृत्त लेफ्टनंट कर्नल होते. वृद्धसेवेची संस्था चालवण्याचा अनुभव त्यांच्याकडे नव्हता, नर्सिंग होमच्या प्रशासकाला लागतो तो परवानाही नव्हता. त्या पदाला तो परवाना तेव्हा बंधनकारक नव्हता. सैनिकांच्या संस्थेवर सैनिकच असावा ही भावना मी समजू शकतो. आपली भाषा बोलणारा, सलामाचा अर्थ कळणारा माणूस दारात भेटला की वृद्धाला बरे वाटते. पण ऐंशी-नव्वदीच्या माणसांचे औषधपाणी, बिछान्यावर पडून होणाऱ्या जखमा, गिळताना ठसका लागून होणारा न्यूमोनिया, स्मृतिभ्रंशातली भीती, संसर्ग रोखणे हे सगळे वेगळे शास्त्र आहे. फौजेतली हुद्देदारी त्याची जागा घेऊ शकत नाही. आणखी एक गोष्ट. हे होम राज्याच्या आरोग्य खात्याच्या नर्सिंग होम परवान्याच्या चौकटीबाहेर होते. साध्या खासगी नर्सिंग होमला जी तपासणी चुकत नाही, ती सैनिकांच्या या घराला लागू नव्हती. केंद्राच्या माजी सैनिक खात्याची वार्षिक पाहणी व्हायची, पण परवान्याची टांगती तलवार नव्हती.

इशारा मिळाला नव्हता असेही नाही. वॉशिंग्टन राज्यात कर्कलंडच्या नर्सिंग होममधला उद्रेक फेब्रुवारीच्या अखेरीस देशभर कळला होता. मार्चच्या मध्यावर होल्योकच्या होमने भेटीगाठी बंद केल्या. म्हणजे धोका ओळखला होता. दार बाहेरून बंद झाले, आतली घडी मात्र बदलली नाही. त्याच आठवड्यात एका मदतनिसाने लक्षणे असलेल्या सैनिकाजवळ जाताना संरक्षक गाऊन-मास्क घातला, तर त्याला लेखी समज देण्यात आली. साहित्य जपून वापरायचे होते आणि घबराट नको होती. या एका कागदाने सगळ्या कर्मचाऱ्यांना काय शिकवले असेल, याचा विचार मी पुन्हा पुन्हा केला आहे.

विलगीकरण का जमले नाही, तेही नीट पाहायला हवे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ‘खोलीतच थांबा’ असे सांगता येते, पण पाच मिनिटांनी तो सांगणे विसरतो. मास्क काढून टाकतो. शेजारच्याच्या खाटेवर जाऊन बसतो, त्याच्या पेल्यातून पाणी पितो. त्याला वेगळे ठेवायचे तर त्याच्याजवळ सतत एक माणूस हवा, ओळखीचा, न चिडणारा. बाधित, संशयित आणि निरोगी असे तीन गट करायचे तर प्रत्येक गटाला वेगळे कर्मचारी हवेत. साथीत एरवीपेक्षा जास्त हात लागतात, आणि नेमके तेव्हाच कर्मचारी आजारी पडतात किंवा भीतीने घरी बसतात. आधीच काठावर चाललेल्या संस्थेचा तोल इथे गेला.

शुक्रवार, २७ मार्च. स्मृतिभ्रंशाचे दोन कुलूपबंद वॉर्ड होते, एक खाली, एक वर. दोन्हींत लक्षणे असलेले आणि नसलेले असे दोन्ही प्रकारचे निवासी होते. दोन्ही वॉर्ड चालवायला कर्मचारी पुरेनात. तेव्हा ठरले की वरचा वॉर्ड खाली आणायचा आणि दोन्ही एकत्र करायचे. २५ जणांच्या जागेत ४२ माणसे आली. चार खाटांच्या खोलीत सहा-सात खाटा लावल्या. लक्षणे नसलेल्या नऊ जणांच्या खाटा जेवणघरात मांडल्या. आजाऱ्यांपासून ही जागा काही पावलांवर होती.

पाळ्या लावणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर या निर्णयात एक हिशेब दिसतो. दोन वॉर्डांना दोन तुकड्या लागतात, एका वॉर्डाला एक. संसर्गाच्या नजरेने मात्र तो हिशेब सरळ उलटा आहे. वेगळे करायच्या माणसांना एकत्र आणले गेले. ज्यांना अजून लागण झाली नव्हती, त्यांच्या वाचण्याची जी काही शक्यता शिल्लक होती ती त्या दुपारी गेली. खाटा ढकलणाऱ्यांनाही हे कळत होते. आपण या माणसांना मरणाकडे चालवत नेतो आहोत असे वाटले, असे त्या कामाला लावलेल्या एका कर्मचारी बाईंनी पुढे चौकशीत सांगितले. निवासी घाबरले होते. आपल्याला कुठे नेतात, शेजारी ही अनोळखी माणसे कोण, हे त्यांना कळत नव्हते. यांच्यातल्या कितीतरी जणांनी तरुणपणी हुकूम मिळाला की प्रश्न न विचारता पाऊल टाकले होते. आता तर प्रश्न विचारायला शब्दही उरले नव्हते. त्यांच्या वतीने विचारणारी मुले-मुली भेटबंदीमुळे दाराबाहेर होती. त्याच दिवसांत कुटुंबांना फोन जात होते, प्रकृती बिघडली तर रुग्णालयात हलवायचे की इथेच ठेवायचे, असे विचारायला. वडिलांना बाधा झाली आहे हेच काही घरांना धड कळलेले नव्हते. मृतदेह ठेवायला शीतपेटीचा ट्रक मागवला गेला.

बाहेर कळले ते आतल्याच कुणीतरी कळवल्यामुळे. २८ मार्चला होल्योकच्या महापौरांकडे एक निनावी पत्र पोहोचले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अधीक्षकांना विचारले, तेव्हा बुधवार ते रविवार या पाच दिवसांत आठ सैनिक दगावल्याचे समजले. महापौर हादरले. त्यांनी थेट राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरना फोन केला. ३० मार्चला अधीक्षकांना पगारी रजेवर पाठवून जवळच्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्रमुख, पेशाने नर्स असलेल्या बाईंकडे कारभार दिला. नॅशनल गार्ड या राखीव दलाचे जवान आले. सगळ्या निवाशांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या चाचण्या झाल्या. सुमारे ४० जणांना गावातल्या रुग्णालयात हलवले. गर्दी फोडली, गट वेगळे केले, माणसे वाढवली. हे सगळे काही दिवसांत झाले. म्हणजे करता येण्यासारखे होते. पण रोग तोवर सगळीकडे पोहोचला होता आणि एप्रिलभर मृत्यू होत राहिले.

अधीक्षकांचे म्हणणे वेगळे होते. आपण वरिष्ठांना वेळोवेळी कळवत होतो, नॅशनल गार्डची मदतही मागितली होती, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. ही बाजू मी उडवून लावणार नाही. संस्थेचा प्रमुख एकटा नसतो. त्याच्यावर विश्वस्त मंडळ, राज्याच्या माजी सैनिक खात्याचे सचिव, आरोग्य खात्याचे मंत्री, गव्हर्नर अशी उतरंड होती. नेमणूक त्यांनी केली होती, अंदाजपत्रक त्यांच्या हातात होते.

गव्हर्नरांनी चौकशीसाठी एका माजी सरकारी वकिलाची नेमणूक केली. त्याचा अहवाल २४ जून २०२० ला आला. दोन वॉर्ड एकत्र करणे हा सर्वांत घातक निर्णय असे त्यात नोंदले गेले, आणि अधीक्षक या कामासाठी पात्र नव्हते, असेही. माजी सैनिक खात्याच्या सचिवांना पद सोडावे लागले. अहवाल सविस्तर आहे, त्यातली दिवसवार मांडणी कुठल्याही संस्थाचालकाने अभ्यासावी अशी आहे. माझी तक्रार एवढीच की खाली दोरी जितकी घट्ट ओढली, तितकी वर ओढली गेली नाही. २०२२ मध्ये सरकारी कारभार तपासणाऱ्या राज्याच्या महानिरीक्षकांचा वेगळा अहवाल आला, तेव्हा त्या नेमणुकीवर आणि देखरेखीवर नीट प्रकाश पडला.

फौजदारी बाजू अधिक अवघड निघाली. सप्टेंबर २०२० मध्ये अधीक्षक आणि वैद्यकीय संचालक यांच्यावर वृद्धांची हेळसांड केल्याचे आरोप ठेवले गेले. आरोप पाच सैनिकांपुरते होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये खालच्या न्यायालयाने खटला फेटाळला. वॉर्ड एकत्र केले नसते तर या पाच जणांची अवस्था वेगळी असती, असे पुराव्यावरून म्हणता येत नाही, त्यांचा संपर्क आधीच आला असण्याची शक्यता आहे, असा तो युक्तिवाद होता. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उलटवून खटला पुन्हा उभा केला. मार्च २०२४ मध्ये प्रकरण मिटले. दोषी ठरवण्याइतका पुरावा आहे हे दोघांनी मान्य केले, पण दोषसिद्धी नोंदली गेली नाही, तीन महिन्यांच्या देखरेखीवर ते संपले. तुरुंगवास नाही. कुटुंबे दुखावली.

खालच्या न्यायाधीशांचा युक्तिवाद मला चुकीचा वाटतो, पण पोकळ वाटत नाही. तो आधीच्या दहा दिवसांकडे बोट दाखवतो. १७ मार्चपासून रोग वॉर्डात हिंडत होता हे खरेच आहे. फक्त त्यातून मी वेगळा निष्कर्ष काढतो. त्या दहा दिवसांचा उत्तरदायी कोण, हा प्रश्न त्यामुळे आणखी मोठा होतो, आणि तो फौजदारी न्यायालयात मावत नाही. एका माणसाचा एका माणसाला झालेला अपाय शोधणे हे त्या न्यायालयाचे काम. रिकामी ठेवलेली पदे, न मिळालेले बांधकामाचे पैसे, परवान्यातून दिलेली सूट, यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही.

पैशाच्या बाजूने राज्याने जबाबदारी उचलली. कुटुंबांनी केलेल्या सामूहिक दाव्यात २०२२ मध्ये ५ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड झाली. मृतांच्या वारसांना आणि बाधा होऊन वाचलेल्यांना ती रक्कम वाटली गेली. वाचलेल्यांना सामील करून घेतले हे मला मोलाचे वाटते. जेवणघरातल्या खाटेवर पडून शेजारचे एकेक जण जाताना ज्यांनी पाहिले, त्यांचे नुकसान मृत्यूच्या रकान्यात बसत नाही.

कायदाही बदलला. ऑगस्ट २०२२ मध्ये सही झालेल्या कायद्याने माजी सैनिक खात्याच्या सचिवांना मंत्रिमंडळात थेट गव्हर्नरांच्या हाताखाली आणले, होमच्या प्रमुखाला नर्सिंग होम प्रशासकाचा परवाना सक्तीचा केला, आणि आरोग्य खात्याच्या नियमित तपासणीची सोय केली. वर्षानुवर्षे अडलेल्या इमारतीसाठी मे २०२१ मध्ये ४० कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर झाले होते. जे पैसे मागून मिळाले नव्हते, ते ७६ मृत्यूंनंतर वर्षभरात उभे राहिले. हे लिहिताना संताप येतो आणि तो लपवावा असे मला वाटत नाही.

नव्या इमारतीचे काम ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच टेकडीवर, जुन्या इमारतीच्या आवारात सुरू झाले. संस्थेचे नावही आता मॅसॅच्युसेट्स व्हेटरन्स होम असे आहे. नव्या आराखड्यात २३४ खाटा आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र खोली. म्हणजे चार खाटांची खोली संपली. सोबतीसाठी छोट्या गटांची सामायिक दालने असतील तर सैनिकांची बैठक मोडणार नाही, आणि रोग आला तर दार लावून घेता येईल.

पण दार लावल्यावर आतल्या माणसाला पाणी कोण देणार? स्वतंत्र खोल्यांना चार खाटांच्या खोलीपेक्षा जास्त माणसे लागतात. एका नजरेत चौघे दिसत होते, आता चार दारे उघडून पाहावी लागतील. स्मृतिभ्रंश झालेल्याला तर एकटेपणाने भीती वाटते, तो हाका मारत राहतो. म्हणून या इमारतीबद्दल बोलताना मला भिंती आणि खाटांच्या आधी एकच आकडा जाणून घ्यायचा असतो. शनिवारी रात्री दोन वाजता, दोन मदतनीस आजारी असताना, स्मृतिभ्रंशाच्या मजल्यावर किती जण ड्युटीला असतील, आणि त्यांच्यातले किती त्या निवाशांना नावाने ओळखत असतील.